सौदा ठरण्याआधी



 आपल्या मंडळातल्या आजच्या व्याख्यानाचा विषय, गुन्ह्यातल्या पीडिताचे हक्क, जड आहे. संध्याकाळी सहकुटुंब ऐकावा असा तर नाहीच. तरीही तो मी मुद्दाम निवडला, कारण तुमच्याआमच्या शहरातच, शिकागोतच, तो एकदा मुंबईच्या अंगाने उभा राहिला होता.

डाउनटाउनमध्ये डिअरबॉर्न रस्त्यावर काळ्या पोलादाची आणि काचेची उंच इमारत आहे. डर्कसन फेडरल न्यायालय. 24 जानेवारी 2013 रोजी तिथे न्यायाधीश हॅरी लायनेनवेबर यांच्यापुढे डेव्हिड हेडलीला शिक्षा सुनावली जाणार होती. हेडली कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. 2006 ते 2008 या काळात पाच वेळा मुंबईत येऊन त्याने ताज, ओबेरॉय, सीएसटी, नरिमन हाउस यांची टेहळणी केली आणि त्या माहितीवर 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला रचला गेला. 166 माणसं गेली. त्यांत सहा अमेरिकन नागरिक होते.

शिक्षा सुनावण्याआधी त्या दालनात एक स्त्री बोलायला उभी राहिली. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलची चित्रकार. त्या रात्री ती ओबेरॉयच्या टिफिन रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसली होती. तिच्या पाठीत गोळी शिरली. तिच्यासोबत असलेली तेरा वर्षांची मुलगी आणि त्या मुलीचे वडील दोघंही तिच्या शेजारीच गेले. एवढ्याशा मुलीचा प्राण जाताना कानाला काय ऐकू येतं, ते तिने न्यायाधीशांना सांगितलं. तिला हे सांगता आलं, कारण कायद्याने तिला तो हक्क दिला होता.

आणि मग शिक्षा झाली. 35 वर्षं. जन्मठेप नव्हे. आपण बदललो आहोत, असं हेडली म्हणत होता, आणि त्याच्या त्या बोलण्यावर आपला विश्वास नाही, असं खुद्द न्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. मग पस्तीसच का? सरकारी पक्षानेच 30 ते 35 वर्षं मागितली होती म्हणून. आणि सरकारी पक्षाने एवढीच का मागितली? कारण 18 मार्च 2010 रोजी, म्हणजे जवळपास तीन वर्षं आधी, हेडलीशी लेखी करार झाला होता. त्याने गुन्हे कबूल करायचे, हल्ला रचणाऱ्या लष्कर-ए-तोयबाची माहिती द्यायची, परदेशी तपासाला साक्ष द्यायची. बदल्यात त्याच्यासाठी देहदंड मागितला जाणार नाही, आणि त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली केलं जाणार नाही.

त्या माहितीचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत त्याने व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली, तीही आपण वाचली. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या चित्रकार स्त्रीच्या बोलण्याने ज्या दिवशी काही फरक पडू शकला असता, तो दिवस कोणता? 2013 मधला की 2010 मधला?

आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच. अमेरिकेने गेल्या पन्नास वर्षांत पीडिताला न्यायालयात खुर्ची दिली, बोलायला दोन शब्द दिले, तारखेची नोटीस दिली. हे थोडं नाही. पण खटल्याचा खरा निर्णय जिथे होतो, त्या दारावर पीडिताला अजून उभं केलं जातं ते निर्णय झाल्यानंतर.

पीडित मुळात बाहेर गेला कसा? खटल्याचं नावच पाहा. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध हेडली’. राज्यात चालला तर ‘इलिनॉयची जनता विरुद्ध अमुक’. मारला गेलेला, लुटला गेलेला, जिची अब्रू घेतली ती, यांचं नाव कुठेच नाही. वसाहतीच्या काळात इथेही बरेच खटले ज्याचे त्यालाच चालवावे लागत. पदरचा खर्च करून. म्हणजे पैसेवाल्याला न्याय आणि गरिबाला हळहळ. हे राज्याने आपल्या हाती घेतलं, डिस्ट्रिक्ट अटर्नी नेमले, आणि त्यात शहाणपण होतं. सुडाची साखळी तुटली. गरिबाच्या वतीने सरकार उभं राहू लागलं. मला ही व्यवस्था मोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण राज्याने खटला हाती घेतला आणि ते माणसाला विसरलं. 1973 मध्ये टेक्सासमधल्या एका आईचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिच्या मुलाचा बाप पोटगी देत नव्हता आणि सरकारी वकील त्याच्यावर खटला भरत नव्हते, कारण आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्यावर खटला भरावा की भरू नये, यात खाजगी व्यक्तीचा कायद्याने मानावा असा हितसंबंध नाही. विचार करा. गुन्हा तिच्या लेकराबाबत, उपाशी राहणार ते लेकरू, आणि हितसंबंध नाही!

त्या दशकात हवा बदलायला लागली होती. गुन्ह्याला बळी पडलेल्यांना सरकारी नुकसानभरपाई देण्याची सुरुवात कॅलिफोर्नियाने 1965 मध्येच केली होती. त्याच राज्यात फ्रेस्नो काउंटीत जेम्स रोलंड नावाचा प्रोबेशन अधिकारी होता. शिक्षेआधी न्यायाधीशांपुढे जो अहवाल ठेवला जातो, त्यात आरोपीचं बालपण, शिक्षण, नोकरी, व्यसन सगळं असतं. 1976 मध्ये रोलंडने त्या अहवालात पीडिताचंही म्हणणं घालायला सुरुवात केली. त्याच्यावर काय गुजरलं, किती पैसे गेले, झोप लागते का. एका काउंटीतल्या एका सरकारी नोकराने आपल्या कामाच्या कागदात एक रकाना वाढवला. नॅशव्हिलच्या त्या स्त्रीचे शब्द त्या रकान्यातून आले आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. कायदा नेहमी संसदेतच जन्मतो असं नाही, हे आपण विसरतो.

पुढचा प्रवास भरभर सांगते. पीडितांच्या हक्कांची सनद पहिल्यांदा केली विस्कॉन्सिनने, आपल्या शेजारच्या राज्याने, 1980 मध्ये. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कँडेस लाइटनर या आईने, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने मुलीला चिरडल्यावर, मॅड ही संघटना उभी केली. 1982 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी लोइस हाइट हेरिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं. त्याने 68 शिफारशी केल्या आणि थेट राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत पीडितांचा हक्क घाला, असंही सुचवलं. घटनेत तो आजही नाही. राज्यांच्या घटनांत मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. इलिनॉयमध्ये 1992 पासून, आणि 2014 च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानंतर अधिक भक्कमपणे.

एका हक्कापाशी मात्र थांबते, कारण तो वरवर किरकोळ वाटतो. कळण्याचा हक्क.

केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे. 1993 च्या डिसेंबरात तिथली एक तरुण मुलगी काम संपवून आपल्या गाडीत बसली होती. तो तिचा एकविसावा वाढदिवस होता. ज्याने तिच्यावर आधी अत्याचार केला होता, ज्याला तिच्या तक्रारीवरून अटक झाली होती, तो माणूस गाडीपाशी आला आणि त्याने तिला गोळ्या घातल्या. तो तुरुंगात आहे असं ती आणि तिचे आईवडील धरून चालले होते. तो जामिनावर सुटला होता. कुणीही कळवलं नव्हतं. एक फोन. फक्त एक फोन लागत होता. पुढच्या वर्षी त्या काउंटीने आरोपी सुटला की पीडिताच्या फोनवर आपोआप निरोप जाईल अशी यंत्रणा उभारली. तिचं नाव ‘व्हाइन’. आज ती देशभर पसरली आहे, आपल्या राज्यातही आहे. हक्क म्हणजे काय, असं मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी हा फोन सांगते.

हजर राहण्याच्या हक्काची कहाणीही अशीच. 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोट झाला, 168 माणसं गेली. खटला डेन्व्हरला हलवला गेला. न्यायाधीशांनी हुकूम दिला, ज्यांना शिक्षेच्या वेळी आपलं दुःख सांगायचं आहे त्यांनी खटला ऐकायचा नाही. ऐकलं तर साक्षीवर परिणाम होईल. म्हणजे मुलगा गमावलेल्या आईने निवडायचं, खटला पाहायचा की मुलाबद्दल बोलायचं. 1997 च्या मार्चमध्ये काँग्रेसने खास कायदा करून ही निवड रद्द केली.

या सगळ्याचा कळस म्हणजे 2004 चा फेडरल क्राइम व्हिक्टिम्स राइट्स अॅक्ट. अध्यक्ष बुश यांनी ऑक्टोबरात त्यावर सही केली. खून झालेल्या पाच जणांची नावं या कायद्याला दिलेली आहेत. आरोपीपासून संरक्षण. सुनावणीची आणि सुटकेची वेळेवर सूचना. न्यायालयात बसण्याचा हक्क. जामीन, कबुली आणि शिक्षा या टप्प्यांवर बोलण्याचा हक्क. सरकारी वकिलाशी चर्चा. पूर्ण भरपाई. अकारण विलंब नको. सन्मान आणि खाजगीपणा. हक्क डावलला तर वरच्या न्यायालयात जाता येतं आणि त्याने 72 तासांत निकाल द्यायचा. आणि ‘पीडित’ कोण? फेडरल गुन्ह्यामुळे ज्याला प्रत्यक्ष झळ बसली तो. नागरिकत्वाची अट नाही.

ही शेवटची ओळ पुन्हा ऐका. नागरिकत्वाची अट नाही. हेडलीवरच्या आरोपांत भारतात सार्वजनिक ठिकाणी बॉम्बहल्ले करण्याचा आणि माणसं मारण्याचा कट होता. सीएसटीवर त्या रात्री पन्नासहून अधिक माणसं गेली. गावी निघालेली, बोचकी घेऊन फलाटावर बसलेली. कायद्याच्या शब्दांत त्यांच्या घरच्यांचा डिअरबॉर्न रस्त्यावरच्या त्या दालनाशी संबंध होता. पीडित हजारो असतील तर न्यायालयाने व्यवहार्य पद्धत ठरवावी, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. पण उभी राहून बोलली ती अमेरिकन स्त्री. तिचा हक्क होताच, मला त्याबद्दल कणभरही तक्रार नाही. माझं मन जातं ते मुंबईच्या विशेष न्यायालयात कुबडी घेऊन आलेल्या मुलीकडे. सीएसटीवर तिच्या पायाला गोळी लागली होती. 2009 मध्ये न्यायाधीश टहलियानी यांच्यापुढे तिने हल्लेखोर कसाबला ओळखलं. तिला विचारलं गेलं, हाच का तो? हाच, ती म्हणाली. साक्षीदार म्हणून तिचं काम तिथे संपलं. तुझ्या पायाचं काय झालं, शाळेचं काय झालं, घराचं काय झालं, हे विचारायला आपल्या पद्धतीत तेव्हा नीट जागाच नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते.

2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात स्वच्छ सांगितलं, फेडरल न्यायालयांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून होतात. टीव्हीवर दिसतात ते ज्यूरी, उलटतपासणी, ‘ऑब्जेक्शन’, हे सगळं उरलेल्या मूठभर खटल्यांत. बाकी सगळे दोन वकिलांमध्ये फोनवर, ईमेलवर, बंद खोलीत मिटतात. प्ली बार्गेन. अमुक कलम काढतो, तुम्ही तमुक कबूल करा. न्यायाधीशांपुढे येतं तोवर बहुतेक ठरून गेलेलं असतं. मग सांगा, शिक्षेच्या दिवशी पाच मिनिटं बोलण्याच्या हक्काला किती वजन आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात कटू उत्तर फ्लोरिडात मिळालं. जेफ्री एपस्टीन. त्याच्या लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या तीसहून अधिक मुली, बऱ्याचशा शाळकरी वयाच्या. 2007 च्या सप्टेंबरात फेडरल सरकारी वकिलांनी त्याच्याशी गुप्त करार केला, फेडरल खटला भरणार नाही म्हणून. मुलींना सांगितलं नाही. उलट 2008 च्या जानेवारीत त्यांना पत्रं गेली, तपास चालू आहे, धीर धरा. करार झालेला होता, आणि पत्र म्हणतंय धीर धरा! त्या वर्षी राज्याच्या न्यायालयात तुलनेने हलक्या कलमांखाली कबुली देऊन तो सुमारे तेरा महिने तुरुंगात राहिला, तेही दिवसा बाहेर कामाला जाण्याच्या सवलतीसह. दोन मुलींनी 2008 च्या जुलैमध्ये, 2004 च्या त्या कायद्याचा आधार घेऊन दाद मागितली. निकाल लागला 2019 च्या फेब्रुवारीत. सरकारने कायदा मोडला, असं न्यायाधीश मारा यांनी ठरवलं. जिंकल्या ना? थांबा. 2021 च्या एप्रिलमध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने ठरवलं, आरोपपत्र दाखलच झालेलं नसेल तर पीडिताला या कायद्याखाली स्वतंत्र दावा लावता येत नाही.

म्हणजे सरकारी वकिलाने आरोपपत्र न भरताच सौदा केला, तर हक्क न्यायालयात जाऊन बजावताच येत नाही. जो सौदा सगळ्यात लपवावासा वाटेल, तोच सगळ्यात सुरक्षित. हे मला मान्य नाही. एक वकील म्हणून नाही आणि दोन मुलींची आई म्हणूनही नाही. 2015 च्या दुरुस्तीने कबुलीकरार आणि लांबणीवर टाकलेल्या खटल्याचा करार वेळेवर कळवण्याचा हक्क दिला, ते चांगलं झालं. पण हा कायदा हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा करू देत नाही, हे त्यातच लिहिलेलं आहे. ज्याला मोडल्याची किंमत नाही, तो हक्क सरकारी वकिलाच्या भलेपणावर चालतो. भली माणसं पुष्कळ आहेत, मी त्यांच्याबरोबर काम करते. पण कायदा भल्या माणसांसाठी लिहायचा नसतो.

इथे भारताचं एक उदाहरण द्यायला हवं, कारण आपण नेहमी तिकडे वाईट आणि इकडे चांगलं असं धरून चालतो. अमेरिकेत आरोपी निर्दोष सुटला की संपलं. त्याच सरकारला त्याच गुन्ह्यासाठी दुसरा खटला भरता येत नाही, अपील नाही. भारतात 2009 च्या दुरुस्तीने पीडिताला निर्दोषमुक्तीविरुद्ध स्वतःचं अपील दिलं. 2022 मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द करताना सांगितलं, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताला ऐकावं लागतं. कागदावर हे अमेरिकेच्या पुढे आहे. कागदावर, असं मी म्हणते. जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर तारखांमागून तारखा घेत बसलेल्या माणसाला विचारलंत, तर तो वेगळं सांगेल.

पैशाबद्दल थोडं. अमेरिकेत गुन्हेगाराने भरपाई द्यावी असा हुकूम होतो, 1996 पासून बऱ्याच फेडरल गुन्ह्यांत तो सक्तीचा आहे. सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी 2018 मध्ये सांगितलं, थकलेली भरपाई 110 अब्ज डॉलर, आणि त्यातले 100 अब्ज वसूल होण्यासारखे नाहीत. आणि भरपाईपर्यंत पोहोचणारे पीडितही थोडेच. मीरा रोडची आठवण आहे ना? 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी तिथली कॉल सेंटर्स धाडीत पकडली. आपली बारावी-पदवी झालेली पोरं रात्रभर अमेरिकेत फोन करून म्हणत, मी आयआरएस या करखात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक. त्याच महिन्यात ह्यूस्टनमध्ये अहमदाबादच्या अशाच धंद्याविरुद्ध आरोपपत्र उघड झालं. पीडित 15 हजारांहून अधिक. 2018 मध्ये 24 जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. ओळख पटलेल्या पीडितांना द्यायच्या भरपाईचा आकडा सुमारे 90 लाख डॉलर. लुटलेली रक्कम कोट्यवधी डॉलरांची. बाकीचे पीडित कुठे गेले? त्यांनी तक्रारच केली नाही, किंवा त्यांना शोधताच आलं नाही. लाज वाटली. लेकाला काय सांगू, म्हणून एखाद्या आजीने बँकेचं पुस्तक कपाटात लपवलं.

सरकारी मदतनिधी आहे, 1984 पासून. तो करातून येत नाही, फेडरल गुन्हेगारांच्या दंडातून येतो. कल्पना सुंदर आहे. पण त्यामुळे निधीचं पोट सरकारी वकिलांच्या निर्णयांवर अवलंबून राहतं. 2017 च्या आर्थिक वर्षात सहा अब्ज डॉलरहून अधिक जमा झाले, पुढच्याच वर्षी अर्ध्या अब्जाहूनही कमी. बड्या कंपन्यांशी झालेल्या करारांतला पैसा या निधीऐवजी सरकारच्या सामान्य तिजोरीत जात होता. 2021 मध्ये ती गळती कायद्याने बंद केली. तोवर या निधीवर चालणाऱ्या किती निवारागृहांनी किती बायकांना परत पाठवलं असेल! इथेही पुन्हा तोच सौदा दिसतो. बंद खोलीत दोन वकील बसतात, आणि दूर कुठेतरी एक निवारागृह आपल्या खाटा कमी करतं.

आता आपल्या घरात येते. इथे कदाचित काहींना अवघड वाटेल.

22 फेब्रुवारी 2017. कॅन्ससमधलं ओलेथ. श्रीनिवास कुचीभोटला हा हैदराबादचा इंजिनिअर द्वेषापोटी मारला गेला. मारणाऱ्याला राज्याच्या आणि फेडरल, दोन्ही न्यायालयांत जन्मठेप झाली. न्याय झाला, आपण म्हणू. पण नवरा गेला त्याच क्षणी पत्नीचा या देशात राहण्याचा आधारही गेला. तिचा दर्जा त्याच्या व्हिसाला बांधलेला होता. अंत्यसंस्काराला भारतात गेलेली ती परत कशी येणार, हा प्रश्न उभा राहिला, आणि एका काँग्रेस सदस्याने धडपड केली म्हणून सुटला. ज्यांच्यामागे काँग्रेस सदस्य उभा राहत नाही, त्यांचं काय?

आपल्या कितीतरी मुली एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या व्हिसावर, इथे येतात. मारहाण होते. फोन काढून घेतला जातो. पोलिसात गेलीस तर तुला परत पाठवतील, हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल! ते खोटं आहे, हे आज इथे स्पष्ट सांगते. 2000 च्या कायद्याने यू व्हिसा दिला. ठराविक गंभीर गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी. वर्षाला दहा हजारच, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची, पण दार आहे. छळ होणाऱ्या एच-4 पत्नीला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. अशा बायकांना मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. न्यू जर्सीत 1985 पासून ‘मानवी’ आहे, आपल्या शिकागोत 1989 मध्ये स्थापन झालेलं ‘अपना घर’ आहे. आपल्यासारख्याच बायकांनी ती उभी केली. आणि याच यू व्हिसासाठी खोटे दरोडे रचल्याचे आरोप 2024 मध्ये याच शिकागोच्या फेडरल न्यायालयात आपल्याच देशबांधवांवर ठेवले गेले. असे आरोप खरे ठरतात तेव्हा खऱ्या पीडितेच्या अर्जाकडेही अधिकारी संशयाने पाहू लागतो.

आणखी एक प्रकरण. 2013 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आपल्या महाराष्ट्राच्या कन्या, परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी. त्यांना मिळालेल्या वागणुकीने आपण संतापलो, आणि तो संताप योग्य होता. अंगझडतीचा तो प्रकार कुणाच्याही वाट्याला येऊ नये. आरोप होता घरकाम करणाऱ्या बाईच्या व्हिसाच्या कागदांत खोटी मजुरी दाखवल्याचा. कागदावर तासाला 9.75 डॉलर आणि प्रत्यक्षात 3.31, असं सरकारी पक्ष म्हणत होता. खोब्रागडे यांनी ते नाकारलं, भारत सरकारने त्या बाईवरच पळून गेल्याचा ठपका ठेवला, राजनैतिक संरक्षणामुळे खटला चाललाच नाही. खरं काय ते न्यायालयात कधी ठरलं नाही, म्हणून मीही ठरवणार नाही. पण त्या महिन्यात आपल्या बैठकांत, आपल्या वर्तमानपत्रांत, त्या घरकामवाल्या बाईचं म्हणणं काय आहे, हे विचारणारे किती होते? कायदा निदान विचारत होता. तिच्या कुटुंबाला सरकारी वकिलांनी अमेरिकेत आणवलं. पीडित आपल्यातला असला की आपल्याला हक्क आठवतात, आणि समोर आपल्या घरात भांडी घासणारी असली की नाही. हे मला सलतं.

शेवटचा मुद्दा सावधगिरीचा. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. खटला संपण्याआधी एखाद्याला पीडित म्हणणं म्हणजे दुसऱ्याला दोषी ठरवणं होऊ शकतं. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने देहदंडाच्या खटल्यांत पीडितांच्या कुटुंबाची निवेदनं बंद केली होती. कुणाचं कुटुंब किती छान बोलतं यावर कुणी मरायचं ते ठरू नये, ही भीती होती. 1991 मध्ये तो निकाल उलटला, पण भीती खोटी नव्हती. पीडितांना हक्क देणाऱ्या, कॅलिफोर्नियाच्या 2008 च्या ‘मार्सीज लॉ’चा प्रसार अनेक राज्यांत झाला. फ्लोरिडात गोळीबार करणाऱ्या पोलिसांनीच आपण पीडित असल्याचं सांगून नावं लपवायला त्याचा वापर केला. 2023 च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाव लपवण्याची हमी या हक्कात नाही. योग्य सांगितलं. मला पीडितासाठी आरोपीचा वकील काढून घ्यायचा नाही, त्याचा मौनाचा हक्कही नाही. मला सरकारी वकिलाच्या खोलीचं दार सौदा ठरण्याआधी उघडून हवं आहे. आरोपीचं त्यात काहीच जात नाही. जाते ती फक्त सरकारची सोय.

मित्रहो, काँग्रेस काय करेल ते माझ्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते सांगते. दुर्दैवाने तुमच्यावर किंवा शेजारच्या घरावर प्रसंग आला, तर पहिल्या आठवड्यातच सरकारी वकिलाच्या कार्यालयातल्या व्हिक्टिम-विटनेस विभागाला फोन करा आणि मला हक्क वापरायचे आहेत हे लेखी कळवा. इलिनॉयमध्ये बरेच हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत. ‘व्हाइन’वर नाव नोंदवा. कराराची बोलणी सुरू होण्याआधी मला विचारा, हे वाक्य त्या पत्रात घालाच. मराठी दुभाषा मागा, आणि घरातल्या मुलाला दुभाषा करू नका, नवऱ्याला तर मुळीच नाही. राज्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज भरा. कमाल मर्यादा आता 45 हजार डॉलर आहे आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. मुदती असतात, त्या चुकवू नका.

आणि मंडळाला माझी एक विनंती आहे. गणपतीच्या, दिवाळीच्या समित्या आपण दरवर्षी नेमतो. दोन माणसं अशीही नेमा, शक्यतो एक बाई, जी आपल्यातल्या कुणाही पीडिताबरोबर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात जाऊन बसेल. त्यांचे फोन नंबर मंडळाच्या प्रत्येक पत्रकावर छापा. त्या दोघांना कायदा शिकवायची जबाबदारी मी घेते, आणि ती पुढच्या महिन्यापासून सुरू करायची माझी तयारी आहे.